वायर गेली कुठे?

"आमच्या आजोबांना पेसमेकर बसवलाय. मग तो रात्री चार्जिंगला लावतात का?"

चौथीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा आजूबाजूची मोठी माणसं हसली. मी नाही हसले. कारण माणसाच्या शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर खरोखरच चार्जिंगला लावावा लागायचा! त्याची गोष्ट पुढे येणार आहेच. आणि ज्याला एकही वायर नाही, जो थेट हृदयाच्या आत जाऊन बसतो, अशा चिमुकल्या पेसमेकरचीही.

पण आधी एक काम करा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवा. जोरात दाबू नका, नाहीतर काहीच कळणार नाही. सापडली नाडी? आता घड्याळ लावून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि आलेल्या आकड्याला चारने गुणा. तुमच्या वयाला ७० ते ११०च्या दरम्यान काहीही आलं तरी बिनघोर राहा. आत्ताच लंगडी खेळून आला असाल तर त्याहून जास्त येईल, त्यालाही घाबरू नका.

मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७२ वेळा धडधडतं. म्हणजे दिवसाला १,०३,६८० ठोके. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीची नाही, मे महिन्याची तर नाहीच नाही.

आता सांगा, "चल, आता आकुंचन पाव" हा हुकूम हृदयाला कोण देतं? तुम्ही म्हणाल, मेंदू. मेंदू वेग कमी-जास्त करायला सांगतो हे खरं, पण मूळ ठेका त्याचा नाही. प्राण्याचं हृदय शरीराबाहेर काढून योग्य द्रवात ठेवलं, तरी ते काही काळ आपलं आपलं धडधडत राहतं. म्हणजे हुकूम देणारा हृदयातच कुठेतरी लपलेला असणार.

तो सापडला इंग्लंडमध्ये, आणि तोही एका विद्यार्थ्याला. १९०६ सालचा उन्हाळा होता. केंट परगण्यातल्या ब्रेडगर नावाच्या गावात आर्थर कीथ या शरीररचनातज्ज्ञांचं घर होतं. मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी तिथे त्यांच्या हाताखाली काम करत होता. मोल नावाचा एक छोटा प्राणी असतो, जमिनीखाली बिळं उकरत राहणारा. त्याच्या हृदयाचे पातळ काप करून फ्लॅक सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला होता. कीथ आणि त्यांची पत्नी सायकलवरून फेरफटका मारून घरी परतले, तर हा पठ्ठ्या त्यांना काय दाखवू आणि काय नको, असा झालेला! हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात त्याला एक वेगळाच पेशींचा पुंजका दिसला होता. दोघांनी मिळून १९०७ साली तो जगापुढे मांडला. आज त्याला सायनस नोड म्हणतात. माणसात तो जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो, आणि दर ठोक्याला विजेची एक बारीकशी ठिणगी सोडतो.

ही ठिणगी पुढे कशी जाते ते नीट बघून ठेवा, कारण सगळी गंमत पुढे यावरच उभी आहे. शाळेच्या पुस्तकात तुम्ही अलिंद आणि निलय वाचले असतील. वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय. ठिणगी आधी दोन्ही अलिंदांतून पसरते, ते आवळतात आणि त्यांच्यातलं रक्त खाली उतरतं. मग ठिणगी मधल्या एका दुसऱ्या गाठीपाशी पोहोचते आणि तिथे चक्क थांबते, सेकंदाचा साधारण दहावा भाग. एवढ्या वेळात निलय रक्ताने पुरते भरतात. मग ठिणगी खाली धावते, निलय जोरात आवळतात आणि रक्त सगळ्या अंगभर जातं. तो दहावा भाग नसता, तर निलय अर्धवट भरलेलेच आवळले असते.

वय झालं की कधी सायनस नोड सुस्तावतो. कधी नोड ठणठणीत असतो, पण वाटेत अडथळा येतो, वरची ठिणगी खाली पोहोचतच नाही. डॉक्टर त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. (नळीत चरबी साचून रक्त अडतं, त्यालाही लोक 'ब्लॉकेज' म्हणतात. ते वेगळं. एक पाण्याच्या नळाचं दुखणं, दुसरं विजेचं.) मग ठोके मिनिटाला तीस-पस्तीसवर येतात. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. स्नायू चांगले आहेत, रक्त आहे, नाही ती फक्त ठिणगी. मग ती बाहेरून, एखाद्या यंत्राने का देऊ नये? तेच यंत्र म्हणजे पेसमेकर.

द्यायला सुरुवात झाली आणि वायरचा ससेमिरा मागे लागला.

१९५२ साली अमेरिकेत बोस्टनच्या पॉल झोल या डॉक्टरांनी एक यंत्र वापरलं. छातीवर बाहेरून पट्ट्या लावायच्या आणि विजेचे झटके द्यायचे. हृदय चालायचं, पण प्रत्येक ठोक्याला कातडीला चटका बसायचा. शिवाय यंत्राची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. रुग्णाला वायर पुरेल तेवढंच फिरायचं!

मिनिआपोलिस शहरात वॉल्टन लिलेहाय हे सर्जन लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करत. ऑपरेशननंतर काही मुलांचे ठोके मंदावत. लिलेहाय यांनी वायर थेट हृदयाच्या स्नायूला जोडली, तिचं दुसरं टोक छातीतून बाहेर काढलं आणि ढकलगाडीवरच्या यंत्राला लावलं. आता चटका नव्हता. पण यंत्र अजूनही भिंतीलाच बांधलेलं. ३१ ऑक्टोबर १९५७ला त्या शहराची वीज गेली, आणि त्या अंधारात एक बाळ दगावलं.

लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या तरुणाला बोलावलं. बॅकन हॉस्पिटलची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचा. मेहुण्याबरोबर गॅरेजमध्ये त्याने कंपनी काढली होती, आणि पहिल्या महिन्याची कमाई झाली होती अवघी आठ डॉलर! आता बॅटरीवर चालणारा पेसमेकर बनवायचा कसा? बॅकनला आठवला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापून आलेला मेट्रोनोमचा सर्किट. मेट्रोनोम म्हणजे गाणं-वाजवणं शिकणाऱ्यांना लय धरून देणारं टकटक यंत्र. बॅकनने ती टकटक स्पीकरला देण्याऐवजी हृदयाला दिली. काही आठवड्यांत ॲल्युमिनियमचा एक छोटा डबा तयार झाला, गळ्यात अडकवता येईल असा. मुलं तो घेऊन वॉर्डात हिंडू लागली. मासिकं जपून ठेवावीत ती यासाठी. (माझं कपाट बघून कुरकुर करणाऱ्यांसाठी हे खास.)

भिंतीची वायर सुटली. छातीतून बाहेर येणारी मात्र राहिली, आणि जिथून वायर आत जाते तिथून जंतूही आत शिरतात. मग अख्खं यंत्रच आत ठेवलं तर?

आता चार्जिंगची गोष्ट. स्वीडनमधल्या स्टॉकहोमचे आर्ने लार्सन ४३ वर्षांचे होते आणि दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत होते. त्यांची पत्नी एल्स-मारी हिने रूने एल्मक्विस्ट हा इंजिनिअर आणि ओके सेनिंग हे सर्जन यांचा पिच्छाच पुरवला. असं यंत्र अजून तयार नाही, असं सांगूनही ती बाई हटेना. शेवटी एल्मक्विस्टने यंत्र बनवलं. दोन ट्रान्झिस्टर, छोट्या बॅटऱ्या आणि काही सुटे भाग घेतले आणि त्यावर इपॉक्सी नावाचा चिकट राळेसारखा पदार्थ ओतला. ओतायला साचा कुठला? बुटाच्या पॉलिशची डबी! त्यातून निघाली ५५ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर जाड चकती. ८ ऑक्टोबर १९५८ला ती लार्सन यांच्या पोटाच्या कातडीखाली बसवली. चार्जिंगसाठी बाहेरून कातडीवर तारेचं वेटोळं ठेवायचं, की आतली बॅटरी भरायची. आज काही मोबाईल वायरशिवाय चार्ज होतात ना, तीच युक्ती, १९५८ सालची.

ती चकती काही तासांतच बंद पडली. दुसरी बसवली, तीही फार टिकली नाही. पण लार्सन टिकले. पुढच्या आयुष्यात त्यांनी एकूण २६ पेसमेकर वापरले आणि २००१ साली, ८६व्या वर्षी ते गेले, तेही हृदयाच्या नाही, दुसऱ्याच आजाराने. त्यांना वाचवणारे इंजिनिअर आणि सर्जन दोघेही त्यांच्या आधी वारले होते.

मधल्या काळात बॅटऱ्या सुधारल्या. १९७०च्या सुमारास काही पेसमेकरमध्ये तर प्लुटोनियम हा किरणोत्सारी धातू घालून बघितला होता! पण बाजी मारली लिथियमच्या बॅटरीने. ती वर्षानुवर्षं चालते. म्हणून त्या मुलीच्या आजोबांना चार्जर लागत नाही. बॅटरी संपत आली की डॉक्टर छोटं ऑपरेशन करून यंत्र बदलतात.

आजोबांचा पेसमेकर कुठे असतो? खांद्याच्या हाडाखाली, छातीवर वरच्या बाजूला, कातडीखाली खिसा करून त्यात ठेवलेला. तिथून एक-दोन वायरी शिरेतून उतरत हृदयात जातात. डॉक्टर त्यांना लीड म्हणतात. हे यंत्र उत्तम असतं, लाखो लोक त्यावर मजेत जगतात. कटकट करते ती लीड. विचार करा, दर ठोक्याला ती वाकते आणि सरळ होते. वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा! कधी तिचं आवरण झिजतं, कधी आतली तार तुटते, कधी ती जागेवरून सरकते. खिशात जंतू शिरले तर लीडवरून थेट हृदयापर्यंत पोहोचतात. आणि जुनी लीड काढणं म्हणजे महाकठीण काम, कारण शरीर तिला स्वतःत गुंतवून टाकतं.

मग लीडच नको! ही कल्पनाही नवी नाही बरं का. विल्यम स्पिकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० सालीच कुत्र्याच्या हृदयाच्या आत अख्खा पेसमेकर बसवून दाखवला होता. पण माणसासाठी पुरेशी छोटी आणि पुरेशी टिकाऊ बॅटरी मिळायला चार दशकं गेली. २०१२च्या अखेरीस प्रागमध्ये 'नॅनोस्टिम' नावाचा बिनलीडचा पेसमेकर माणसाच्या हृदयात बसला. वर्षभराने ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात दुसरा बसला, 'मायक्रा'. कंपनी कोणती? तीच, गॅरेजमध्ये सुरू झालेली.

नॅनोस्टिमचं पुढे बिनसलं. बॅटऱ्या मध्येच दगा देऊ लागल्या आणि २०१६ साली तो बसवणं थांबवावं लागलं. मायक्राला मात्र त्याच वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याआधीच्या चाचणीत ७२५ जणांपैकी ७१९ जणांना तो व्यवस्थित बसला होता.

पट्टी घ्या आणि कागदावर २६ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटरला किंचित कमी रुंद आकृती काढा. झाला मायक्रा! अँटिबायोटिकच्या मोठ्या कॅप्सूलएवढा. वजन दोन ग्रॅमही नाही. यातच बॅटरी, यातच सर्किट, यातच ठिणगी देणारं टोक.

तो हृदयात जातो कसा? छाती उघडून नाही. मांडीच्या वरच्या टोकाशी, जांघेत, एक मोठी शीर असते. तिथे छोटंसं भोक पाडून लांब, वाकवता येणारी नळी आत सरकवतात. पोटातून वर जाणाऱ्या मोठ्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात येते, तिथून झडप ओलांडून उजव्या निलयात. डॉक्टर हे सगळं समोरच्या पडद्यावर हलत्या एक्स-रेमध्ये बघत असतात. नळीच्या टोकाशी मायक्रा बसलेला असतो. त्याला पुढच्या बाजूला चार आकडे असतात, नायटिनॉल नावाच्या धातूचे. हा धातू भारी हट्टी! सरळ केला तरी मूळचा आकार विसरत नाही. नळीत असेपर्यंत आकडे सरळ दाबून धरलेले असतात. नळी मागे घेतली की ते झटकन वळतात आणि हृदयाच्या आतल्या स्नायूत रुततात.

रुतले की नाही, हे कसं कळणार? मायक्राला अजून एक दोरा बांधलेला असतो. डॉक्टर तो हळूच ओढतात आणि पडद्यावर डोळे लावून बघतात. निदान दोन आकडे ताणले जाताना दिसले पाहिजेत. दिसले, की मग दोरा कापून बाहेर. नाही दिसले, तर यंत्र परत नळीत आणि नवी जागा शोधायची. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला श्वास रोखून धरायचा क्षण हाच. एकदा दोरा कापला की मामला पक्का!

मग मायक्रा काम काय करतो? जास्त वेळ नुसता ऐकतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तर हा गप्प. ठोका चुकला तरच ठिणगी. तीही किती वेळ? सेकंदाचे चार हजार भाग केलेत, तर त्यातला साधारण एक भाग. इतक्या काटकसरीमुळे ती इवलीशी बॅटरी सरासरी बारा वर्षं पुरेल, असा कंपनीचा अंदाज आहे. संपली तर? तोवर शरीराने मायक्राभोवती आवरण विणलेलं असतं, त्यामुळे सहसा जुना बंद करून तिथेच ठेवतात आणि शेजारी नवा बसवतात. निलयात तेवढी जागा असते.

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, आजी जिना चढायला लागली तर ठोके वाढायला हवेत, ते याला कसं कळतं? मोबाईल आडवा केला की त्यातला व्हिडिओही आडवा होतो ना? मोबाईलमध्ये हालचाल ओळखणारी एक बारीक चकती असते, ॲक्सेलरोमीटर. तसलाच मायक्रात आहे. आजीची हालचाल वाढली की तो ठेका वाढवतो.

पण एक मोठी अडचण होतीच. आठवतोय तो सेकंदाचा दहावा भाग? मायक्रा बसतो खाली निलयात. वर अलिंद कधी आवळलं, हे त्याला समजायला मार्गच नव्हता. आजोबांच्या पेसमेकरला दोन लीड असतात, एक वर आणि एक खाली, त्यामुळे ताळमेळ जमतो. इथे तर वायरच नाही! २०२०मध्ये आलेल्या नव्या मायक्राने शक्कल लढवली. अलिंद आवळताना रक्ताचा जो हिसका बसतो, तो त्याच ॲक्सेलरोमीटरने टिपायचा आणि मग निलयाला ठिणगी द्यायची. म्हणजे शेजारच्या खोलीत कोण चाललंय हे पावलांच्या धक्क्यांवरून ओळखायचं. जमतं, पण दरवेळी अचूक जमेलच असं नाही.

दुसऱ्या कंपनीने वेगळाच मार्ग काढला. त्यांच्या 'अवीर' या पेसमेकरला आकडे नाहीत, स्क्रूसारखा पीळ आहे. फिरवला की स्नायूत शिरतो, आणि काढायचा झाला तर उलटा फिरवून काढता येईल अशी सोय आहे. आणि ते दोन बसवतात. एक अलिंदात, एक निलयात. २०२३ साली या जोडीला अमेरिकेत परवानगी मिळाली. हे दोघं प्रत्येक ठोक्याला एकमेकांशी बोलतात. कसे? ब्लूटूथ? छे! ब्लूटूथने एवढ्याशा बॅटरीचा केव्हाच फडशा पाडला असता. एक जण अगदी बारीक, हृदयाला जाणवणारही नाहीत असे विजेचे इशारे सोडतो. रक्त खारट असतं आणि खारट पाण्यातून वीज वाहते. ते इशारे रक्तातून आणि हृदयाच्या स्नायूतून दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. वायर गेली आणि तिचं काम रक्ताने उचललं! मला स्वतःला आकडे, स्क्रू, बॅटरी या सगळ्यांपेक्षा ही युक्ती जास्त आवडते.

मग सगळ्यांना हाच का बसवत नाहीत? एक तर तो सगळ्यांना चालत नाही. कुणाला कोणता पेसमेकर, हे आजार बघून डॉक्टर ठरवतात. कधीकधी बसवताना हृदयाच्या भिंतीला इजा होऊ शकते. लहान मुलांच्या शिरा त्या जाड नळीला अपुऱ्या पडतात, आणि दहा वर्षांच्या मुलाला आज बसवला तर पुढच्या सत्तर वर्षांत निलयात किती कॅप्सुला गोळा होतील, याचं गणित तुम्हीच करा. शिवाय किंमत. आपल्याकडे हा काही लाखांत जातो, साध्या पेसमेकरच्या कितीतरी पट. छातीत खिसा लागत नाही हे खरं, पण घरच्यांच्या खिशाला मोठं भोक पडतं. हा खर्च खाली आला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. युक्ती कितीही भारी असली, तरी ती चार पैसेवाल्यांपुरतीच राहिली तर तिचा उपयोग किती?

लहान बाळांसाठी मात्र वेगळंच काही शिजतंय. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या बाळांना ऑपरेशननंतर फक्त काही दिवस पेसमेकर लागतो. आज त्यासाठी छातीतून बाहेर येणारी तात्पुरती वायर वापरतात आणि नंतर ती ओढून काढतात, जवळपास लिलेहाय यांच्या काळासारखीच. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि इगोर एफिमोव्ह यांच्या गटाने एप्रिल २०२५मध्ये तांदळाच्या दाण्याहून छोटा पेसमेकर जाहीर केला. साडेतीन मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटरही रुंद नाही. याला वेगळी बॅटरी नाही. शरीरातल्या द्रवाशी संयोग झाला की त्याचे दोन धातूच वीज तयार करतात. छातीवर एक मऊ पट्टी चिकटवायची. ठोका चुकला की पट्टीतून प्रकाश चमकतो, तो कातडी आणि हाडांमधून आत पोहोचतो, आणि पेसमेकर ठिणगी देतो. काम संपलं की तो शरीरात विरघळून जातो, काढायची भानगडच नाही! त्याच्या चाचण्या प्राण्यांवर आणि दान मिळालेल्या मानवी हृदयांवर झाल्या आहेत.

आणि जाता जाता एक काम तुमच्याकडे. घरात आजी-आजोबांना पेसमेकर असेल, तर त्यांचा मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात दिसता कामा नये. मोबाईलमध्ये चुंबक असतं आणि चुंबक जवळ आलं की पेसमेकरचं वागणं बदलू शकतं. फोन पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीइतका तरी लांब हवा. आजोबा विसरतील, तुम्ही आठवण करा.